सोसायटीच्या ग्रुपवर अल्पवयीन मुलाचं फुटेज: हे चालतं का? आणि त्या मुलाचं पुढे काय होतं?

वर्तकनगरकर (धागाकर्ता)

मंडळी, ग्रुपवर बोलायची सोय उरलेली नाही म्हणून इथे लिहितोय.

आमच्या सोसायटीच्या (ठाणे पश्चिम, नाव देत नाही) पार्किंगमधून पावसाळ्यापासून सायकली जात होत्या. मुलांच्या गिअरवाल्या, चांगल्या दहा-बारा हजारांच्या. गेल्या आठवड्यात एक पोरगा कॅमेऱ्यात सापडला. मागच्या चाळीतला, पंधराच्या आसपासचा, इस्त्रीवाल्याचे कपडे पोचवायला आमच्याकडेच यायचा. सेक्रेटरींनी पोलिसांत तक्रार दिली, इथपर्यंत ठीक. पण त्याच रात्री क्लिप ग्रुपवर आली. चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ, खाली पोराचं नाव आणि 'सावधान' असा मथळा. दुपारपर्यंत ती शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये पोचली, संध्याकाळी त्याच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर.

मी लिहिलं, मुलगा अल्पवयीन आहे, काढून टाका. उत्तर आलं, "तुमची सायकल गेली नाही ना, म्हणून सुचतंय."

तर, हे कायद्यात बसतं का? आणि 'अठराच्या आतला आहे, त्याला काही होत नाही' असं सगळे छातीठोकपणे म्हणतायत, त्यात तथ्य किती?

---

घणसोली_एक्सप्रेस

तथ्य शंभर टक्के. २०१२ च्या दिल्ली प्रकरणातला तो अल्पवयीन तीन वर्षांत बाहेर आला. पुण्यात पोर्शेखाली दोन जीव गेले आणि जामिनाची अट काय, तर ३०० शब्दांचा निबंध! माझ्या बायकोचा फोन ऐरोली नाक्यावर बाईकवरून खेचला, ती पडली, कोपर सोलून निघालं. पोरगा पकडला तर म्हणे सतरा वर्षांचा. आठवड्याभरात त्याच नाक्यावर वडापाव खात उभा. मिसरूड फुटलेल्या घोड्यांना बालक म्हणायचं आणि आपण फोन खिशात दाबून चालायचं.

क्लिप टाकली ते उत्तम केलं. निदान बाकीचे सावध होतील.

---

सीवूड्सची_आई

वाचतेय. बाकी कायदा माहीत नाही, पण पाम बीच रोडवर रात्री पोरं ज्या गाड्या उडवतात, त्यांच्या चाव्या आईबापांनीच दिलेल्या असतात. तिथे नाही कुणी लाल वर्तुळ काढत.

---

काळा_कोट_कळवा

वर्तकनगरकर, तुमच्या सेक्रेटरींना हे वाचून दाखवा. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४. चौकशी किंवा तपासाच्या संदर्भात मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही वर्तमानपत्रात, दृकश्राव्य माध्यमात किंवा संवादाच्या इतर कुठल्याही प्रकारात उघड करायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'ग्रुप खाजगी आहे' हा बचाव घेऊन माझ्याकडे कुणी आलं तर मी वकीलपत्र घेताना दोनदा विचार करेन. फुटेज पोलिसांना द्या, तो पुरावा आहे. तुमच्या सासूबाईंना आणि त्याच्या वर्गशिक्षिकेला पाठवायची ती वस्तू नाही.

आता पुढे काय होतं ते. चोरी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, कमाल तीन वर्षं. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असलेला गुन्हा मुलांच्या बाबतीत किरकोळ धरतात. पार्किंग इमारतीचाच भाग धरून कलम ३०५ लावलं तर सात वर्षांपर्यंत, म्हणजे गंभीर. आणि कायद्यात किमान शिक्षाच सात वर्षं किंवा त्याहून जास्त असेल तर निर्घृण. पहिल्या दोन्हींत, सोबत कुणी सज्ञान आरोपी नसेल, तर एफआयआरसुद्धा नोंदवत नाहीत. स्टेशन डायरीत नोंद होते, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल जोडतात आणि प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं. ताब्यात घेतलंच तर २४ तासांच्या आत मंडळापुढे. लॉकअप नाही, बेड्या नाहीत.

मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांतली एक तरी बाई. चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ते ठाणे जिल्ह्याचं निरीक्षणगृह भिवंडीला. बसण्याची रचना कोर्टासारखी ठेवायची नाही असा नियमच आहे: उंच चौथरा नाही, पिंजरा नाही. मुलाला आणणारा पोलीस साध्या कपड्यांत असावा लागतो. पहिल्यांदा गेलेल्या आया हमखास विचारतात, "साहेब कधी येणार?" साहेब समोरच बसलेले असतात.

घणसोली, तुमच्या मुद्द्यांवर. त्या दिल्लीच्या मुलाला तेव्हाच्या, म्हणजे २००० च्या कायद्यातली कमाल मुदत मिळाली. त्या संतापातूनच २०१५ चा कायदा आला आणि १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. आता १६ ते १८ मधल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून त्याला बाल न्यायालयात पाठवू शकतं. तिथे सज्ञानासारखा खटला चालू शकतो, २१ पर्यंत सुरक्षित ठिकाणी ठेवतात आणि तोवर सुधारला नसेल तर उरलेली शिक्षा तुरुंगात. फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप नाही. एवढं सोडलं तर 'काही होत नाही' म्हणायला जागा नाही.

पुण्याच्या प्रकरणात सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. त्याला कमाल शिक्षा मोठी आहे, पण किमान सात वर्षांची अट नाही. त्यामुळे ते निर्घृणमध्ये बसत नाही, आणि २०२५ च्या जुलैत मंडळाने सज्ञान म्हणून खटला चालवायची मागणी फेटाळली. लोकांना निबंध लक्षात राहिला. मला त्या प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना झालेली अटक जास्त बोलकी वाटते. तुमच्या सायकलचोराच्या घरी असलं काही बदलायची ऐपत नाही.

आणि फोन खेचणं हा जुलै २०२४ पासून वेगळा गुन्हा आहे, कलम ३०४, कमाल तीन वर्षं. तो पोरगा चोवीस वर्षांचा असता तरी थोड्या दिवसांनी जामिनावर सुटून त्याच नाक्यावर दिसला असता.

सीवूड्सची आई, चावी देणाऱ्याचीही सोय आहे. मोटार वाहन कायदा, कलम १९९अ: अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला २५ पूर्ण होईपर्यंत लायसन नाही.

---

घणसोली_एक्सप्रेस

मॅडम, कलमं पाठ आहेत तुमची, मानलं. पण पोरांनाही ती पाठ आहेत हा माझा मुद्दा आहे. "मेरेको क्या होगा, अठरा का नहीं है" हे मी स्वतः ऐकलंय.

---

टवाळ_कार्टं

पोरांना कलमं पाठ, मॅडमना पाठ, फक्त सेक्रेटरींना नाही.

---

निवृत्त_ठाणे_अंमलदार

बत्तीस वर्षांच्या वर पोलिसांत नोकरी केली, शेवटची वर्षं ठाण्यातच. कायदा मॅडमनी सांगितला तो बरोबर. आता पोलीस ठाण्यात काय होतं ते मी सांगतो.

सायकलवाला पोरगा रात्री नऊला आणला. त्याला आत ठेवता येत नाही, म्हणून ठाणे अंमलदाराच्या टेबलाशेजारी बाकड्यावर. बालकल्याण अधिकारी म्हणून ज्या पीएसआयचं नाव बोर्डावर लिहिलंय, तो त्या दिवशी बंदोबस्ताला. भिवंडीला न्यायचं तर गाडी पाहिजे, सोबत माणूस पाहिजे, वैद्यकीय करायचं, कागद भरायचे. तेवढ्यात आई येते. चार घरची भांडी करून आलेली, हात अजून ओला. ती त्याला तिथेच दोन मुस्काटात मारते. मग साहेब म्हणतात, लिहून घ्या आईकडून, पुन्हा असं करणार नाही म्हणून, आणि द्या समज देऊन सोडून. फिर्यादीला सायकल मिळाली की त्याचाही राग उतरतो. सगळे खूश.

हे मी स्वतः केलेलं आहे, बऱ्याचदा. वाईट हेतूने नाही. पोराला भिवंडीला पाठवून तिथे आणखी बेरकी पोरांच्या संगतीत टाकण्यापेक्षा हे बरं, असं वाटायचं, अजूनही थोडं वाटतं.

---

काळा_कोट_कळवा

काका, तुम्ही उघडपणे लिहिलंत म्हणून बरं वाटलं, पण माझं खरं भांडण नेमकं या 'समज'शी आहे. इथे कुणी म्हणतं कायदा मऊ, कुणी म्हणतं कडक. माझ्या पाहण्यात बहुतेक पोरांच्या बाबतीत तो वापरलाच जात नाही. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा समज, तिसऱ्यांदा फटके आणि समज. कागदावर काहीच नाही. मग चौथ्यांदा कोयता घेऊन सापडला की वर्तमानपत्रात 'सराईत अल्पवयीन'. सराईत व्हायला त्याला दोन वर्षं लागली आणि तेवढ्या काळात एकही परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) त्याच्या घरी गेला नाही, कारण प्रकरण तिथवर पोचलंच नव्हतं.

मंडळासमोर प्रकरण आलं की सामाजिक तपासणी अहवाल मागवतात, १५ दिवसांत. या सगळ्या यंत्रणेचा जीव त्या अहवालात आहे. घरी कोण कमावतं, शाळा कधी सुटली, मित्र कोण, पैसे कशावर गेले. आता जिल्हा न सांगता लिहिते: मी असे अहवाल पाहिलेत ज्यांत आधीच्या मुलाचं नाव खोडायचं राहून गेलंय. 'आर्थिक परिस्थिती हलाखीची, संगत वाईट, समुपदेशनाची गरज.' कुणालाही लागू पडेल असं, राशिभविष्यासारखं.

आणि एक अहवाल असाही पाहिला. पाण्याची मोटार चोरलेला मुलगा, सोळाचा. परिविक्षा अधिकारी बाई संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसल्या. दहा बाय बाराची खोली. मोठी बहीण दोन लेकरं घेऊन माहेरी परतलेली, तेव्हापासून हा बाहेर झोपतो. कुठे, तर भंगाराच्या गोदामाच्या ओट्यावर. भंगारवाला त्याला रात्री अंडापाव देतो. मोटार त्यालाच विकली होती, तीनशे रुपयांना; तांब्याचाच भाव त्याच्या कितीतरी पट. बाईंनी हे सगळं लिहिलं. मंडळाने मुलाला परिविक्षेवर सोडलं, मामाकडे राहायची अट घातली. आणि पोलिसांना विचारलं, मोटार घेणारा कुठाय?

वर्तकनगरकर, हा प्रश्न तुमच्याकडे कुणी विचारला का? दहा-बारा हजारांच्या सायकली पंधरा वर्षांचा मुलगा कुठे विकतो? त्याने काय दुकान टाकलंय? चोरीचा माल घेणं हा गुन्हा आहेच. पण मुलाला कामाला लावून त्याच्याकडून गुन्हा करवून घेत असेल, तर न्याय संहितेचं कलम ९५ आहे, किमान तीन वर्षं, कमाल दहा. नशेचा माल पोरांकरवी पोचवणाऱ्यांना बाल न्याय कायद्याचं कलम ७८, सात वर्षांपर्यंत. क्लिपमध्ये ही माणसं येत नाहीत. ती कॅमेऱ्यासमोर कधीच नसतात.

---

वर्तकनगरकर

कुणीच विचारलं नाही. मीही नाही. सेक्रेटरींना आत्ता फोन केला. म्हणाले, "एक सायकल मिळाली ना, बाकीच्यांचं बघू." क्लिपबद्दल कलम ७४ सांगितल्यावर आवाज जरा खाली आला. ग्रुपवरून काढलीय, पण पुढे गेली ती गेली.

---

कोपरखैरणे_शाळा

मी माध्यमिकला शिकवते. आपल्याकडे खालच्या वर्गांत ढकलत आणायचं, नववीत पेपर अवघड होतो आणि पोरगं शाळेतून गळतं. घरी सांगत नाही. सकाळी डबा घेऊन निघतं, दिवसभर तुर्भ्याच्या मार्केटच्या बाजूला, कधी स्टेशनबाहेर. पालकांना कळतं ते शाळेचा फोन गेल्यावर, आणि नंबर बऱ्याचदा बदललेला असतो. सलग गैरहजर मुलाच्या घरी कुणीतरी जायला हवं. आम्ही जातो, जमेल तेव्हा. निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामं लागली की नाही जमत.

त्या क्लिपबद्दल. अशा मुलाला वर्गात परत बसवणं किती अवघड असतं ते विचारू नका. कायदा म्हणतो, प्रकरण निकाली निघाल्यावर त्याचा डाग पुढे राहता कामा नये.

---

काळा_कोट_कळवा

बरोबर, कलम २४. दोषी ठरला तरी त्यामुळे नोकरीला वगैरे अपात्र ठरत नाही, नोंदीही ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायच्या. अपवाद १६ वरच्या ज्याला बाल न्यायालयाने सज्ञान म्हणून दोषी धरलं त्याचा. कायदा नोंद पुसतो, लोकांच्या फोनमधली क्लिप कोण पुसणार?

---

खारघर_से

अवांतर: आमच्याकडे आयुक्तालय नवी मुंबईचं, पण जिल्हा रायगड. इथल्या मुलाचं प्रकरण भिवंडीला की रायगडला?

---

काळा_कोट_कळवा

जिल्ह्याप्रमाणे. वाशी-नेरूळ ठाण्याच्या मंडळाकडे, खारघर-पनवेल रायगडच्या.

---

अनामिका_०७

नवीन आयडी काढून लिहितेय, समजून घ्या. माझा भाचा सतरा वर्षं चार महिन्यांचा. शेजारची मुलगी सोळाची. दोघं पळून गावी गेले, चार दिवसांनी सापडले. मुलीच्या वडिलांनी केस केली. भाचा भिवंडीला आहे. ताई रडून रडून अर्धी झालीय. वकील म्हणतोय मोठ्या कोर्टात जाईल. मुलगी म्हणते माझ्या मर्जीने गेले. तरी?

---

काळा_कोट_कळवा

अनामिका ताई, आधी धीर धरा. पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, १८ च्या आतल्या मुलीची संमती धरत नाहीत. शरीरसंबंधाचा आरोप असेल तर किमान शिक्षाच दहा वर्षं आहे, त्यामुळे प्रकरण आपोआप निर्घृण वर्गात जातं आणि सोळा ओलांडलेला असल्याने प्राथमिक मूल्यांकन होणार. हे ऐकून घाबरू नका. त्यात दोष ठरवत नाहीत. त्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम कळायची समज आणि गुन्हा कुठल्या परिस्थितीत घडला एवढंच बघतात. मुदत तीन महिन्यांची. त्यात मानसशास्त्रज्ञाची मदत घ्यायला हवी हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये गुरुग्रामच्या शाळेच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. मुलीचा जबाब, दोघांच्या वयातलं अंतर, घरची पार्श्वभूमी, हे सगळं मंडळासमोर नीट यायला हवं.

जामिनासाठी अर्ज झालाय का? मुलांच्या बाबतीत गुन्हा कितीही मोठा असला तरी सोडणं हा नियम. सुटल्यावर वाईट माणसांच्या हाती पडेल, त्याच्याच जिवाला धोका होईल किंवा न्यायाचा हेतू फसेल असं वाटलं तरच नाकारतात, आणि कारण लिहावं लागतं.

---

घणसोली_एक्सप्रेस

एक मिनिट. सतराच्या पोराला प्रेमप्रकरणात दहा वर्षं? हे कुठलं राज्य आलं?

---

टवाळ_कार्टं

घणसोली काका, वर तुम्हीच घोडे म्हणत होतात.

---

घणसोली_एक्सप्रेस

ते वेगळं, हे वेगळं.

---

काळा_कोट_कळवा

वेगळं आहे हे तुम्हाला, मला आणि बहुधा मंडळालाही कळतं. पण 'सोळाच्या वरचे सगळे आत टाका' अशी ओरड झाली की कायद्याच्या कलमात ते वेगळेपण लिहायची सोय राहत नाही. जाळ्यात आधी असली पोरं येतात.

---

अनामिका_०७

जामिनाची तारीख परवा आहे. ताई आणि मी जाणार. काय काय न्यायचं?

---

काळा_कोट_कळवा

वयाचा पुरावा सगळ्यात आधी. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसले तरच हाडांची तपासणी. आधार कार्डावर विसंबून जाऊ नका. ताईंचं ओळखपत्र, राहत्या घराचा पुरावा, आणि सुटल्यावर तो कुठे राहणार हे सांगणारं माणूस सोबत. मुलीच्या शेजारीच परत नेणार असाल तर मंडळ विचारात पडेल, म्हणून दुसऱ्या नातेवाइकाकडे ठेवायची तयारी असेल तर त्या नातेवाइकालाच घेऊन जा. कॉलेजला प्रवेश घेतला असेल तर त्याची पावती. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, त्यात लाजायचं काही नाही.

---

निवृत्त_ठाणे_अंमलदार

ठाण्याहून जाणार असाल तर आठच्या आत निघा ताई. कशेळीपासून अंजूरफाट्यापर्यंत कंटेनर अडकले की दोन तास कुठे गेले कळत नाही, आणि नाव पुकारलं तेव्हा पालक हजर नसले की तारीख पुढे जाते. पोराला डबा नेलात तर आत देता येईल का ते दारावर विचारा, हट्ट करू नका. कपड्याचा एक जोड न्या.

---

अनामिका_०७

शाळेचा दाखला गावी आहे, कळंबला. भावाने फोटो काढून पाठवलाय. चालेल?

---

काळा_कोट_कळवा

फोटोची प्रिंट काढून न्या, आणि मूळ दाखला सादर करायला मुदत मागा असं वकिलाला आजच सांगून ठेवा. भावाला उद्या सकाळी शाळेत पाठवून मुख्याध्यापकांच्या सहीचा जनरल रजिस्टरचा उतारा घ्यायला सांगा. तो रात्रीच्या एसटीने आला तर परवापर्यंत हातात पडेल. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलाय, बघा.